शाल, श्रीफळ आणि डूख

माझ्या नाकावर राग असतो असं माझा नवरा म्हणतो. त्याचं निदान चुकतं. नाकावरचा राग दोन मिनिटांत उतरतो. मी डूख धरते. कोणी वाईट वागलं तर तोंडावर काही बोलत नाही, चहा विचारते, मुलांची चौकशी करते आणि ते वागणं नीट घडी घालून आत ठेवून देते. ज्या माणसावर मी सूड उगवला, त्याच्या खांद्यावर मी स्वतःच्या हातांनी शाल घातली, हातात नारळ दिला आणि भरल्या सभागृहात वाकून नमस्कारही केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लंडनजवळच्या रीडिंग गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणतात. माझे ते कोणी लागत नाहीत. तरुणपणी इथल्या एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, नोकरीला आले, आयुष्यभर राबले, मान मिळवला आणि निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली. परवाना सोडला होता, पण डॉक्टरकी काही सुटली नव्हती. आमच्यातल्या कोणाला ताप आला, घसा धरला, लघवीला जळजळ झाली, की पहिला फोन काकांना. सर्जरीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, फोन लावावा तर सकाळी आठच्या ठोक्याला रांगेत ताटकळायचं आणि शेवटी कोणीतरी गोड आवाजात पाणी प्या म्हणून सांगायचं. काकांकडे तसं नव्हतं. ते म्हणायचे, "येऊन जा, पुडी बांधून ठेवतो."

या पुडीबद्दल सांगायला हवं. काकांच्या घरी जिन्याखालच्या कपाटात अँटिबायोटिक्सचा साठा असे. तो आम्हीच सगळे भरत होतो. पुण्या-मुंबईहून परतणाऱ्या प्रत्येक बॅगेत भाजणी, मेतकूट आणि काकांसाठी गोळ्यांची पाकिटं असायचीच. तिकडे ती केमिस्टकडे मागितली की मिळतात. काका त्या गोळ्या पाकिटातून काढत आणि कागदात बांधून देत, जुन्या दवाखान्यातल्या कंपाउंडरसारख्या. कागद म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या गेल्या वर्षीच्या स्मरणिकेची पानं. तिचे गठ्ठे कोणी नेत नसे, ते काकांकडे पडून असत. गोळीचं नाव ते सांगत नसत. "नाव कळलं की माणूस गूगल करत बसतो," असं म्हणत. "तीन दिवस घे. बरं वाटलं की थांब." त्यामुळे घरोघरी ड्रॉवरमध्ये उरलेल्या गोळ्यांच्या पुड्या, एखादीवर कोणाची तरी कविता, एखादीवर अध्यक्षांचं मनोगत.

आणि मी नोकरी करते ती नेमकी याच गोष्टीवर. लंडनमधल्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थेत मी काम करते. जंतू औषधांना जुमानेनासे होत चाललेत, हा आमचा विषय. औषध अर्धवट घेतलं, नको तेव्हा घेतलं, की कच्चे जंतू मरतात आणि पक्के उरतात. उरलेले पुढच्या माणसाकडे जातात. जगात एकीकडे औषध मिळत नाही म्हणून मुलं मरतात आणि दुसरीकडे ते फुटाण्यांसारखं खाऊन खाऊन निकामी होतं. ही दोन्ही दुःखं एकाच टेबलावर ठेवून आम्ही बैठका घेतो. नैरोबीसाठी पोस्टर, ढाक्यासाठी पोस्टर, लिमासाठी व्हिडिओ. 'ग्लोबल' म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी घरातली घाण, असा आमच्या ऑफिसात समज आहे. मी रोज पॅडिंग्टनच्या गाडीतून हे ज्ञान घेऊन जायची आणि संध्याकाळी रीडिंगला परत यायची. माझ्या स्वतःच्या गल्लीत कवितेच्या कागदात काय बांधून फिरतंय, ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. एक-दोनदा मंडळाच्या कार्यक्रमात मी हळूच विषय काढला, तेव्हा काका हसून म्हणाले, "अगं, तू आफ्रिका सांभाळ. रीडिंग मी बघतो." सगळे हसले. मीही हसले, आणि घडी घालून ठेवून दिली. पण ती लहान घडी होती.

मोठी झाली ती बाबांमुळे.

आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबा तब्येतीचे चांगले, रोज टेम्सच्या कडेनं चालायला जायचे, हंसांशी मराठीत बोलायचे. त्यांना लघवीची जळजळ सुरू झाली तेव्हा त्यांनी मला सांगितलं नाही. मुलीला काय सांगायचं असलं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी आईला सांगितलं, आईनं काकांना. काकांनी पुडी दिली. तीन दिवसांत बरं वाटलं, थांबले. काही आठवड्यांनी परत जळजळ, परत पुडी. मग तिसरी. बाबांना गोळ्यांचा कंटाळा होता. आई त्या कुटून मधातून चाटवायची, लहान मुलाला द्याव्या तशा, आणि म्हणायची, "ताकदीच्या आहेत, डॉक्टरभाऊजींनी दिल्यात." मी ऑफिसात असायची. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ज्या दिवशी बाबांना थंडी वाजून ताप भरला, त्या दिवशी मी जिनेव्हात होते. तिथे मी एका मंचावर बसून, कानात अनुवादाचं यंत्र लावून, अर्धवट औषधोपचारांचे धोके समजावत होते. यावर कोणाला हसू आलं तर मला राग येणार नाही. मला स्वतःला एकदा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये असं हसू फुटलं होतं की शेजारच्या गाडीतली बाई उतरून विचारायला आली.

नवऱ्यानं बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलं. काका मदतीला धावले. ते नेहमीच धावायचे. "मी बोलतो त्यांच्याशी, आय नो हाऊ दे थिंक," म्हणाले आणि नवऱ्याला आईजवळ बाहेर बसवून स्वतः आत गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईनं विचारलं, गेल्या काही महिन्यांत यांनी कुठली अँटिबायोटिक्स घेतली आहेत का? बाबा ग्लानीत होते. उत्तर काकांनी दिलं. "नो. नथिंग ॲट ऑल."

त्या उत्तरावर हॉस्पिटलनं नेहमीचं औषध सुरू केलं. बाबांच्या अंगातले जंतू ते औषध चाखून बसलेले होते. तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो. तो येईपर्यंत विष रक्तात गेलं होतं. मी विमानतळावरून थेट पोचले तेव्हा त्यांनी औषध बदललं होतं, पण बाबांनी मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. तीच डॉक्टरीण नंतर माझ्याशी बोलायला आली, खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, हे जंतू आधी औषध चाखलेले दिसतात. मी विचारलं, ते आधी माहीत असतं तर? ती म्हणाली, आम्ही कदाचित पहिल्यापासून भारी औषध दिलं असतं. मी विचारलं, मग ते वाचले असते? ती म्हणाली, मे बी. आय ॲम सो सॉरी. आणि मग तिनं सहज सांगितलं, तुमच्या अंकलना मी नीट विचारलं होतं, ते म्हणाले काहीच घेतलेलं नाही.

तेव्हाही मला पुड्यांचं माहीत नव्हतं. ते कळलं तेराव्याला. घरात माणसं होती, काकाही होते, सोफ्यावर मधोमध. ते सगळ्यांना सांगत होते, "एनएचएसनं मारलं त्यांना. वेटिंग, वेटिंग, वेटिंग. आमच्या वेळी असं नव्हतं." लोक माना डोलवत होते. आणि स्वयंपाकघरात आई कोणाला तरी म्हणत होती, "भाऊजींनी किती केलं हो यांच्यासाठी. तीनदा औषध दिलं, शेवटी हॉस्पिटलातही तेच होते." माझ्या हातात खिरीची वाटी होती. ती मी खाली ठेवली. ओट्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, चहाच्या गाळण्यामागे, दोन पुड्या निघाल्या.

मी त्यांना गाठलं, पण तेव्हा नाही. आठवड्याभरानं त्यांच्या घरी गेले. काकू बाहेर गेलेल्या होत्या. मी सरळ विचारलं, "काका, तुम्ही बाबांना अँटिबायोटिक्स दिलीत. मग त्या डॉक्टरला काहीच घेतलेलं नाही असं का सांगितलंत?"

ते शांतपणे म्हणाले, "बाळ, तू शॉकमध्ये आहेस. तापाच्या गोळ्या होत्या त्या."

"माझ्याकडे आहेत त्या. ऑफिसातल्या फार्मसिस्टला दाखवल्या मी. गोळीवरच्या खुणेवरून त्यांनी ओळखल्या."

"मग तुझ्या ऑफिसातल्या फार्मसिस्टला काय ते कळत असेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझे वडील मला धाकट्या भावासारखे होते. असं बोलून तू त्यांच्या आत्म्याला त्रास देऊ नकोस." मग ते हसले. "कॉफी घेणार?"

मी कॉफी घेतली. साखर घालून, बिस्किटासकट. नवरा नंतर म्हणाला, तक्रार कर, कोणाकडे तरी कर. कोणाकडे करणार? ते डॉक्टर राहिलेले नव्हते, औषध देणं हा त्यांचा छंद होता. आणि मला चौकशी नको होती. मला एकच गोष्ट हवी होती. या माणसानं, याच लोकांसमोर, ज्यांच्यासमोर तो बाबांना एनएचएसनं मारलं म्हणून सांगतो, स्वतःच्या तोंडानं म्हणावं: गोळ्या मी दिल्या, आणि विचारल्यावर नाही म्हणालो. एवढं एक वाक्य. त्यासाठी कितीही थांबायची माझी तयारी होती.

आईला मी काही सांगितलं नाही. तिला धक्का बसेल, असं मी नवऱ्याला म्हणाले.

दोन वर्षं गेली. देशोदेशींच्या सरकारांनी परदेशी मदतीतून हात आखडते घेतले, तसे आमचे लांबलांबचे प्रकल्प एकेक बंद पडत गेले. मग ऑफिसात अचानक सगळ्यांना इथल्या, ब्रिटनमधल्या स्थलांतरितांची आठवण झाली. माझी मॅनेजर ग्लासगोची आहे, प्रामाणिक आणि उत्साही. ती मीटिंगमध्ये म्हणाली, प्रत्येक समाजात एक वडीलधारी व्यक्ती असते, जिचं लोक ऐकतात. तिलाच आपण मोहिमेचा चेहरा करायचा. तिनं फळ्यावर 'ट्रस्टेड व्हॉइस' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी हात वर केला आणि म्हणाले, माझ्या ओळखीचे एक निवृत्त डॉक्टर आहेत. आमचे सगळे लोक औषधासाठी त्यांच्याचकडे जातात.

यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं.

काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फारसे कष्ट पडले नाहीत. मी फोन केला, आवाजात तूप ओतलं. "काका, आमच्या संस्थेला मराठी समाजातलं सर्वांत आदरणीय नाव हवं होतं. मी तुमचं सुचवलं." मग त्यांनी विचारलं, "पोस्टरवर फोटो कुठला घालणार? जुना एक चांगला आहे, सूटमधला." पुढे विचारलं, "सत्कार कोणाच्या हस्ते?" मी म्हणाले, "माझ्याच." ते म्हणाले, "उत्तम, उत्तम. झालं गेलं विसरलीस, शहाणी आहेस." मी फोन ठेवला आणि दातओठ खात कुकर लावला.

पोस्टरं लागली. सूटमधले काका, बोट उंचावलेलं, खाली मराठीत: 'अँटिबायोटिक्स उरवू नका. दुसऱ्याची घेऊ नका. दुसऱ्याला देऊ नका.' सर्जरीत, फार्मसीत, ऑक्सफर्ड रोडवरच्या वाण्याच्या दुकानात डाळींच्या पोत्यांवर, देवळात चपला काढतो तिथे. मग जे व्हायला हवं होतं ते झालं. त्यांच्या बोटाखालून जाऊन त्यांच्याकडेच गोळी मागायची कोणाची हिंमत होईना. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "काका, घसा दुखतोय," आणि कोणा खोडकर माणसानं खाली त्यांचंच पोस्टर टाकलं. पुढे पंधरा-वीस हसरे चेहरे. काकू मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "यांचा हल्ली फोनच वाजत नाही गं. दिवसभर खिडकीत बसून असतात." मी म्हणाले, "आराम करू दे की त्यांना." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. जेवणही दोन घास जास्त गेलं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

पण वाक्य अजून मिळालं नव्हतं. ते मी सत्कारासाठी राखून ठेवलं होतं.

आमच्या मंडळाची दिवाळी पहाट दुपारी दोनला असते, कारण शाळेचा हॉल तेव्हाच मिळतो. त्या कार्यक्रमात सत्कार ठरला. माझी मॅनेजर पाहुणी म्हणून लंडनहून येणार होती. दाराशी एक काचेची पेटी ठेवायची, लोकांनी घरात उरलेल्या गोळ्या आणून टाकायच्या, फार्मसीची मुलगी त्या घेऊन जाईल, असं ठरलं. काकांचं भाषण मीच लिहून दिलं. मोहिमांना वैयक्तिक अनुभव लागतो, तसं मॅनेजरनं सांगितलंच होतं. तर मी शेवटच्या परिच्छेदात लिहिलं: 'मीही ही चूक केली आहे. मी एका माणसाला अशा गोळ्या दिल्या. हॉस्पिटलात मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तो माणूस वाचला नाही.' नाव घातलं नव्हतं. नावाची गरजच नव्हती.

काकांनी भाषण वाचून निरोप पाठवला: 'वेल रिटन. एकदोन ठिकाणी छोटे बदल करीन.'

दिवाळी पहाटेला आई होती. ती नुकतीच नाशिकहून आली होती, पुन्हा सहा महिन्यांसाठी. पहिल्या रांगेत बसली होती, फिक्या रंगाची साडी नेसून. दारातली पेटी अर्ध्याहून जास्त भरली होती. काचेतून सगळं दिसत होतं: स्मरणिकेची पानं, कविता, मनोगतं, वधू-वर सूचक मंडळाची जाहिरात. येणारा प्रत्येक माणूस पेटीकडे बघायचा, मग मंचावर बसलेल्या काकांकडे आणि मग घाईनं फराळाच्या टेबलाकडे. मॅनेजरनं मला विचारलं, हे लोक गोळ्या कागदात का गुंडाळतात, ही काही प्रथा आहे का? मी म्हणाले, आमच्या रीडिंगची आहे.

मी शाल घातली. नारळ दिला. वाकले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि तो हात मी कसा सहन केला हे माझं मला माहीत. मग ते भाषणाला उभे राहिले. चांगलं बोलले. जंतू कसे पक्के होत जातात ते त्यांनी माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं, दोनदा हशा पिकवला. मी कडेला उभी राहून शेवटच्या परिच्छेदाची वाट बघत होते. तो आला तेव्हा त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "तर मित्रहो, आरोग्यं धनसंपदा. शुभ दीपावली." टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते घाबरलेले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. पण ते हसले. कॉफी विचारली होती, तेव्हाचंच हसू.

पण कार्यक्रमपत्रिकेत अजून एक बाब होती. आभारप्रदर्शन. ते माझ्याकडे होतं, आणि ते मी मुद्दाम मागून घेतलं होतं.

मी माइक हातात घेतला. "मंडळाच्या अध्यक्षबाईंचे आभार, हॉल दिल्याबद्दल शाळेचे आभार," असं म्हटलं आणि काकांकडे वळले. "आणि काका, तुमचे आभार मला सविस्तर मानायचे आहेत. माझ्या वडिलांना तुम्ही पहिली पुडी दिलीत, त्याबद्दल आभार. दुसरी दिलीत, तिसरी दिलीत, त्याबद्दल आभार. त्यात काय होतं ते कोणाला सांगितलं नाहीत, त्याबद्दल आभार. हॉस्पिटलात तुम्हाला विचारलं, यांनी आधी कुठलं औषध घेतलंय का, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. मग तिथे दिलेलं औषध त्यांना लागू पडलं नाही आणि ते गेले. मग माझ्याच घरात तेराव्याला बसून तुम्ही सांगितलंत, की त्यांना एनएचएसनं मारलं. त्याबद्दलही आभार."

दोन वर्षं मी हे आरशासमोर म्हणत होते. एक शब्दही चुकला नाही.

पण आमच्या लोकांच्या एका सवयीचा मी हिशेबच धरला नव्हता. खरं तर जन्मापासून मला ती माहीत आहे. आभारप्रदर्शन सुरू झालं की मराठी माणूस उठतो. 'अध्यक्षबाईंचे आभार' एवढे शब्द कानावर पडले आणि खुर्च्या सरकायला लागल्या. मागच्या बाजूला मसालेभाताची झाकणं उघडली गेली होती. मुलं धावत होती, बायका डबे काढत होत्या, कोणीतरी ओरडून सांगत होतं की ज्येष्ठ नागरिकांनी आधी घ्या. माझा आवाज स्पीकरमधून येत होता आणि हॉल पाठमोरा होऊन रांगेत उभा होता. माझी मॅनेजर, जिला मराठी कळत नाही, तेवढी हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होती. माझं बोलणं संपल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या.

ऐकलं दोघांनी. काकांनी, कारण शाल-नारळासकट ते खुर्चीत अडकले होते. आणि आईनं.

मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आई मला दिसलीच नाही. ती मंचाच्या पायऱ्या चढून आली तेव्हा मी तिला हात द्यायला गेले. तिनं तो घेतला नाही. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते नको म्हणत होते. शेवटच्या वेळी तोंड मिटून घेतलं होतं त्यांनी. मी जबरदस्तीनं चाटवली."

काका खांद्यावरची शाल काढायला लागले.

"मध होता म्हणून गिळली त्यांनी. माझ्या हातानं दिलं मी."

तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं. दोन वर्षं मी 'तुम्ही दिलीत, तुम्ही दिलीत' असं घोकत होते. गोळी तोंडापर्यंत नेणारा हात कोणाचा होता, ते मला माहीत असूनही माझ्या भाषणात तो कुठे नव्हता. आईच्या कानांना मात्र फक्त तोच ऐकू आला.

काकांनी नारळ खाली ठेवला आणि ते उठून उभे राहिले. "वहिनी, नाही," ते म्हणाले. "तुमच्यामुळे नाही. गोळ्या मी दिल्या. त्या कसल्या ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला होतं. आणि नंतरही ते वाचू शकले असते. मला विचारलं त्या पोरीनं. मी नाही म्हणालो. मी घाबरलो वहिनी. निवृत्त माणूस औषधं वाटतो हे कळलं तर माझं नाव जाईल, असं वाटलं. तुम्ही काही केलं नाहीत. मी केलं."

हेच ते वाक्य. जसं मी लिहून दिलं होतं त्याहून नेमकं. दहा मिनिटांपूर्वी माइकवर जे त्यांनी खिशात घातलं होतं, ते आता माइकशिवाय, माझ्याकडे ढुंकूनही न बघता, आईला सांगत होते. आई रडत होती. काकाही रडत होते, म्हातारी माणसं रडतात तसं, तोंड उघडं ठेवून. मी मधे उभी होते, माइक हातात घेऊन, आणि त्या दोघांनाही माझी काही गरज नव्हती.

मग आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"तेराव्यापासून."

"दोन वर्षं?"

"तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं."

"आणि आज होणार नव्हता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "घरी नाही सांगितलंस. स्वयंपाकघरात, आपण दोघीच असताना नाही. माइक घेतलास." आणि ती खाली उतरून काकूंकडे गेली. त्या दिवशी तिला घरी सोडलं ते काका-काकूंनी. मी पेटी उचलून फार्मसीच्या मुलीच्या गाडीत ठेवली.

मोहीम यशस्वी झाली असं ऑफिसचं म्हणणं आहे. आता मँचेस्टरला करायची आहे, तिथलीही एक वडीलधारी व्यक्ती शोधायला सांगितलीय मला. रीडिंगमध्ये पुड्या बंद झाल्या. तेवढं चांगलं झालं, हे मी नाकारत नाही. काकांना मी माफ केलेलं नाही. ते रडले म्हणून बाबा परत आले नाहीत, आणि ते रस्त्यात दिसले तर मी अजूनही पलीकडच्या फुटपाथवर जाते.

आई सहा महिने राहणार होती, ती महिन्याभरात नाशिकला परतली. दर रविवारी ती काकांना फोन करते. तासतासभर बोलतात दोघं, बाबांबद्दलच बोलत असणार. मलाही करते, नेमानं. पाऊस पडला का, भाजी काय केलीस, गॅसचा सिलिंडर आला, असं सांगते आणि ठेवते. तिनं त्यांना माफ केलं, मला नाही केलं. आणि याबद्दलही मला राग काकांचाच येतो.